‘दिसला का?’ : आइस हॉकीची रेफ्री होतानाचं एक वर्ष

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा आयुष्यातला पहिला गोल रद्द झाला.

वय एकेचाळीस, खेळायला लागून तिसरा मोसम, आणि तोवर माझ्या नावापुढे गोल शून्य. आमची लीग मोठ्या माणसांची, हौशी. निम्म्या लोकांना उलटं स्केटिंग जमत नाही आणि त्या निम्म्यांत माझा नंबर पहिला. म्हणून मी नेहमी समोरच्या संघाच्या जाळीपुढे जाऊन उभी राहायचे. तिथे वेग लागत नाही, ढकलाढकली तेवढी सोसावी लागते. त्या दिवशी कुणाचा तरी शॉट उडून माझ्या छातीशी आला. मी पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, तळहाताने खाली पाडायला गेले आणि, आता खरं सांगायला हरकत नाही, थोडासा पुढेही लोटला. तो गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, पॅडला लागला, पायांमधून घरंगळला आणि आत गेला. मी दोन्ही हात वर केले. आमच्या बेंचवर आरडाओरडा. आणि रेफ्रीने दोन्ही हात खांद्यांच्या उंचीवर आडवे झटकले. गोल नाही.

“अहो, गोलीला लागून गेला ना!” मी त्यांच्यामागे स्केटिंग करत गेले.

“हाताने लोटलात तुम्ही. मग तो कुणाला लागून गेला याने फरक पडत नाही,” ते म्हणाले आणि फेस-ऑफला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला, निघून गेले.

रात्री मी नियमांचं पुस्तक उघडलं. ते चुकीचे आहेत हे सिद्ध करायलाच, दुसरा कोणताही उदात्त हेतू नव्हता. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं पुस्तक नेटवर मोफत वाचायला मिळतं. त्यात नियम ७८ गोलांबद्दल आहे. आक्रमण करणाऱ्या खेळाडूने स्टिकशिवाय दुसऱ्या कशानेही पक मुद्दाम जाळीत वळवला, फेकला किंवा हाताने मारला तर गोल नाही. मध्ये तो कुणाला लागला, गोलीला, दुसऱ्या खेळाडूला किंवा अगदी रेफ्रीला, तरीही नाही. रेफ्रींनी मला हेच सांगितलं होतं, फक्त कमी शब्दांत.

पुढच्या सामन्याला मी त्यांची माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, “वाचलंत ना? मग ऑगस्टमध्ये नोंदणी उघडते. माणसं कमी आहेत आमच्याकडे.” मला वाटलं चेष्टा करतायत. पण माणसं खरंच कमी असतात. ज्याला पट्ट्यांचा शर्ट घालायचाय आणि शिव्या खायची तयारी आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणतं ते फक्त पोर्टल.

पोर्टल ४ ऑगस्टला उघडलं. मला वाटलं होतं अर्ज भरायचा, शुल्क भरायचं, झालं. प्रत्यक्षात यादी निघाली: ओळखपत्र, फोटो, चारित्र्य पडताळणी (कारण लहान मुलांच्या सामन्यांनाही पाठवतात), मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचा ऑनलाइन अभ्यासक्रम, डोक्याला मार लागला तर काय करायचं याचा दुसरा अभ्यासक्रम, आणि विम्याचं पत्र. फोटो दोनदा परत आला, मागच्या भिंतीवर सावली पडली होती म्हणून. चारित्र्य पडताळणी त्याहून मजेशीर. ओळखपत्रावर माझं नाव तीन शब्दांचं आणि अर्जात मी लिहिलं दोन शब्दांचं. संगणकाच्या मते त्या दोन वेगळ्या बायका होत्या. अकरा दिवसांनी हे कळलं, तेही मी फोन केला म्हणून. ईमेल स्पॅममध्ये पडून होती. नाव दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, पुन्हा पंधरा दिवस. एकूण सव्वीस दिवस गेले. कुणी या वाटेने जाणार असेल तर नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट लिहा, आणि पडताळणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका. बाकीचं सगळं त्या काळात करता येतं.

खर्चाचं गणित मी सामन्यांत मांडलं, कारण रेफ्रीला दर सामन्याचे पैसे मिळतात. नोंदणी, दोन अभ्यासक्रम, पट्ट्यांचा शर्ट, काळी पँट, काळं हेल्मेट आणि त्यावरचा अर्धा पारदर्शक व्हायझर, बोटात अडकवायची शिट्टी. स्केट्स आणि पॅड माझे होतेच. हे सगळं फिटायला मला नऊ सामने लागले. पँट मी एका निवृत्त रेफ्रीकडून जुनी घेतली, नाहीतर अकरा लागले असते. शिट्टी मात्र नवीन घ्या आणि पहिल्या दिवसापासून घरात बोटात घालून फिरा. हे का म्हणते ते पुढे येईलच.

पडताळणीची वाट पाहताना मी नियम वाचत होते आणि पहिल्यांदाच कळत होतं की ‘गोल झाला’ हे वाक्य किती अवघड आहे. मूळ व्याख्या साधी आहे. पक दोन खांबांच्या मधून, आडव्या दांड्याच्या खालून, गोलरेषेच्या पूर्ण पलीकडे गेला पाहिजे. जाळी ६ फूट रुंद, ४ फूट उंच. सगळा जीव आहे तो ‘पूर्ण’ या शब्दात. रेषा २ इंच रुंद असते आणि पकचा व्यास ३ इंच. म्हणजे पक रेषेवर अगदी मध्यात बसला तर रेषा त्याच्याखाली संपूर्ण झाकली जाते आणि तो दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच बाहेर येतो. वरून पाहणाऱ्याला लाल रंग दिसतच नाही. त्याला वाटतं, गेला! तो गेलेला नसतो. पकची मागची कड रेषेची आतली कड ओलांडून गेली पाहिजे. मी वहीच्या कागदावर लाल पट्टा काढून त्यावर घरातला जुना पक सरकवत बसले होते. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की झाली: लाल रेषा आणि काळा पक यांच्यामध्ये पांढरा बर्फ दिसला पाहिजे. पांढरं दिसलं तर गोल. नाही दिसलं तर नाही. कडेवर उभा राहून घरंगळणारा पक, हवेतला पक, गोलीच्या हातमोज्यातला पक या सगळ्यांना हेच लागू, फक्त पाहणं अधिकाधिक कठीण होत जातं. हातमोज्यातला पक तर दिसतच नाही. हातमोजा आत गेला म्हणून पक आत गेला असं धरता येत नाही.

उंच स्टिकचा नियम मला आधी अर्धाच माहीत होता. मैदानात इतरत्र खांद्याच्या वर स्टिक उचलून पक मारला तर खेळ थांबू शकतो. पण गोलसाठी माप आहे ते आडव्या दांड्याचं. आणि तेही स्टिक किती उंच होती याचं नाही, पक स्टिकला जिथे लागला ती जागा किती उंच होती याचं. स्टिकचं टोक डोक्याच्या वर असेल, पण पक आडव्या दांड्याच्या पातळीला किंवा त्याच्या खाली स्टिकला लागून आत गेला, तर गोल चालतो. सेकंदाच्या दहाव्या भागात हे पाहायचं.

लाथेचा नियम तर आमच्या लीगमधलं कायमचं भांडण आहे. स्केटला लागून गेलेला गोल चालतो. स्केट तिरका करून पकला वाट दाखवली तरी चालतो. चालत नाही ती स्पष्ट लाथ, म्हणजे पाय मागून पुढे झुलवून पक आत ढकलणं. एनएचएलच्या नियम ४९.२ मध्ये याची एक शेपटी आहे, ती वाचून मी वही बंद करून चहा करायला उठले होते: लाथ मारलेला पक कुणाच्या अंगाला लागून आत गेला तर गोल नाही, पण गोली सोडून दुसऱ्या कुणाच्या स्टिकला लागून आत गेला तर गोल आहे. गोलीच्या स्टिकला लागून गेला तर पुन्हा नाही. याचा तर्क मला आजही कुणी नीट समजावलेला नाही. पण परीक्षेत हाच प्रश्न होता.

१४ सप्टेंबरला वर्ग. सकाळी नऊ ते चार, खुर्च्या प्लास्टिकच्या, आम्ही तेवीस जण. त्यातले निम्मे पंधरा-सोळा वर्षांचे. माझ्या वयाचे दोघंच. सकाळी अर्ज, हाताच्या खुणा, स्कोअरशीट कशी भरायची. स्कोअरशीटवर गोल करणाऱ्याचा नंबर, त्याला मदत करणाऱ्यांचे जास्तीत जास्त दोन नंबर, आणि वेळ. हे सांगणारे सिनियर म्हणाले, “नवीन माणसं इथेच फसतात.” मी मनात म्हटलं, यात काय फसायचंय.

जेवणानंतर पडद्यावर क्लिप्स. आवाज बंद, म्हणजे समालोचकाने आधीच निकाल सांगू नये. प्रत्येक क्लिपला आम्ही हात करायचा: गोल किंवा नाही.

पहिली होती १९९९च्या स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीतली. डॅलस आणि बफेलो, सहावा सामना, तिसरा ओव्हरटाइम, ब्रेट हलचा गोल. त्याचा एक पाय गोलीपुढच्या निळ्या क्रीजमध्ये होता, आणि त्या काळी पकच्या आधी आक्रमकाचा पाय क्रीजमध्ये गेला तर गोल बाद असा कडक नियम होता. गोल मोजला गेला, कप डॅलसला गेला. लीगचं म्हणणं होतं की पक हलच्याच ताब्यात होता. बफेलोची माणसं अजून ते मान्य करत नाहीत. पुढच्या मोसमात तो नियमच काढून टाकला. आता पाय क्रीजमध्ये आहे एवढ्याने काही होत नाही. गोलीला त्याचं काम करण्यापासून अडवलं का, हे पाहायचं. सिनियर म्हणाले, जुना नियम तुम्हाला सोपा वाटेल, पाय आत की बाहेर. पण त्याच्यामुळे किती साधेसुधे गोल मेले ते विचारा.

दुसरी क्लिप २०१५ची, शिकागो विरुद्ध अ‍ॅनाहाइम. दुसरा ओव्हरटाइम, पक हवेत, आणि अँड्र्यू शॉने तो फुटबॉलसारखा डोक्याने जाळीत घातला. वर्गातली सगळी पोरं हसत होती, आणि सगळ्यांचे हात ‘गोल’वर. रद्द. डोकं म्हणजे स्टिक नव्हे. (शिकागोने तो सामना तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकला, म्हणून आता त्यावर हसता येतं.) मी मात्र ‘नाही’वर हात केला होता. माझा तळहात आठवला होता मला.

तिसरी मला सगळ्यात जास्त आवडली. सोची ऑलिंपिक, १५ फेब्रुवारी २०१४, रशिया विरुद्ध अमेरिका, २-२. तिसऱ्या सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत फ्योदोर त्युतिनचा लांबून शॉट, पक सरळ जाळीत. घरचं स्टेडियम उसळलेलं. आणि गोल नाही, कारण पक येण्याआधीच जाळीचा खांब त्याच्या खुंटीवरून सरकला होता. क्लिप दोनदा पाहूनही आम्हाला तो सरकलेला खांब दिसला नाही. तिसऱ्यांदा थांबवून दाखवल्यावर दिसला. अमेरिकेने तो सामना शूटआउटमध्ये घेतला. सिनियरनी तेवढ्यावरून आम्हाला पाऊण तास जाळी सरकण्याबद्दल शिकवलं. साधारण तत्त्व असं की जाळी जागेवर नसेल तर गोल नाही. पण बचाव करणाऱ्यानेच ती सरकवली असेल, त्याआधीच शॉटची संधी हातातोंडाशी आलेली असेल आणि पक खांबांच्या मूळ जागेतून आत गेला असता, तर एनएचएलमध्ये गोल देता येतो. स्पर्धेप्रमाणे याचे शब्द बदलतात, म्हणून आपण ज्या लीगला शिट्टी वाजवणार तिचंच पुस्तक वाचा, टीव्हीवर पाहिलेलं नको.

शेवटची क्लिप २००४ची अंतिम फेरी, सहावा सामना, कॅल्गरी आणि टॅम्पा बे. मार्टिन जेलिनाच्या स्केटला लागून पक गोलीच्या पॅडवर, आणि एका कोनातून पाहिलं तर रेषा आणि पकमध्ये चक्क पांढरं दिसत होतं. वर्गात एकमताने गोल. सिनियर म्हणाले, “पक बर्फावर आहे की हवेत?” कुणालाच सांगता येईना. पक बर्फापासून वर उचललेला असेल तर तिरक्या कोनातून तो आहे त्यापेक्षा आत दिसतो. तो गोल मोजला गेला नव्हता. टॅम्पाने तो सामना ओव्हरटाइममध्ये जिंकला, मग सातवाही. म्हणजे माझं पांढऱ्या बर्फाचं सूत्रही नुसतं पाठ करून भागणार नव्हतं; कुठे उभं राहून पांढरं दिसलं, तेही तितकंच महत्त्वाचं.

“एनएचएलकडे टोरंटोत पडद्यांनी भरलेली खोली आहे. २०१५च्या मोसमापासून कोचला आव्हानही देता येतं,” ते म्हणाले. “तुमच्याकडे दोन डोळे आहेत. बरोबर कुणी जोडीदार असेल तर चार.”

परीक्षा ऑनलाइन, पुस्तक उघडं ठेवून, पन्नास प्रश्न, चाळीस बरोबर हवेत. पुस्तक उघडं म्हटल्यावर मी निवांत होते. मला अडतीस आले. नापास. पुन्हा द्यायला सात दिवस थांबावं लागतं आणि ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख, म्हणजे हातात एकच संधी. चुकलेल्यांपैकी तीन प्रश्न गोलांवरचे होते, जो विषय मला सगळ्यात चांगला येतो असा माझा समज. एक तो लाथ आणि स्टिकचा. दुसरा पेनल्टी शॉटचा: पक गोलीला किंवा खांबाला लागून सरळ आत गेला तर गोल, पण परत आलेला पक खेळाडूने दुसऱ्यांदा मारला तर नाही. तिसरा असा: रेफ्रीने पेनल्टीसाठी हात वर केलाय, खेळ चालू आहे, आणि ज्यांच्यावर फाउल झालाय त्याच संघाने चुकून स्वतःच्या जाळीत पक घातला. मी लिहिलं गोल नाही, बिचाऱ्यांवर अन्याय होईल. गोल आहे. २८ नोव्हेंबर १९७९ला एनएचएलमध्ये नेमकं हेच घडलं. फाउल न्यूयॉर्क आयलँडर्सचा, म्हणून कोलोरॅडोचा गोली बाहेर, त्याच्या जागी ज्यादा खेळाडू आत, त्यांचाच मागे दिलेला पास सुटला तो रिकाम्या जाळीत. आणि आयलँडर्सच्या ज्या खेळाडूला पकचा शेवटचा स्पर्श झाला होता तो होता त्यांचा गोली, बिली स्मिथ. एनएचएलमध्ये गोल नावावर लागलेला पहिला गोली तो. ही गोष्ट वाचली आणि नियम कायमचा लक्षात राहिला. पुस्तकातला एखादा नियम डोक्यात शिरत नसेल तर त्याची घडलेली गोष्ट शोधा. मला त्याचाच उपयोग झाला. दुसऱ्या खेपेला सेहेचाळीस आले. अर्थात तेव्हा मी प्रत्येक उत्तर पुस्तकात शोधून मगच टिकमार्क करत होते, पहिल्या वेळी तेवढा नम्रपणा नव्हता.

बर्फावरचं प्रशिक्षण २१ सप्टेंबरला होऊन गेलं होतं. त्याबद्दल थोडक्यात सांगते: मी तीनदा पडले. उलट्या स्केटिंगला ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळाला. हाताची खूण करताना कोपर वाकतं म्हणून माझा हात दोन वेळा धरून सरळ केला गेला. गोल द्यायचा तर जाळीकडे हात लांब करून बोट दाखवायचं, नाही द्यायचा तर दोन्ही हात आडवे झटकायचे. अर्धवट काही करायचं नाही. तुमचा हात डगमगला की बेंचवरच्या वीस जणांना कळतं.

१२ ऑक्टोबरला पहिला सामना मिळाला, दहा वर्षांखालच्या मुलांचा, सकाळी सहा पन्नासला. जोडीदार म्हणून अठरा वर्षांचा मुलगा, चार मोसमांचा अनुभवी. तो मला ‘ताई’ म्हणायचा आणि मी त्याला सगळं विचारायचे. सामन्याआधी दोघांनी एकेक जाळी तपासायची: खुंट्या बसल्यात का, दोऱ्यांत भोक आहे का. भोक असेल तर बाहेरून पक आत जातो आणि मग कुणाच्या बापाला कळत नाही कुठून गेला. हे प्रत्येक सत्राआधी करायचं. मी पहिल्या सत्राआधी केलं, दुसऱ्याआधी विसरले, त्याने लांबून माझ्या जाळीकडे बोट दाखवलं. दहा वर्षांखालच्या मुलांत वादाचा प्रसंग आलाच नाही. त्यांना गोल झाल्याचा इतका आनंद होतो की रद्द केला तरी थोडा वेळ नाचतात.

मोठ्यांचा पहिला कठीण सामना १६ नोव्हेंबरला. तिसरं सत्र, ३-३. शॉट आला, गोली गुडघ्यांवर बसली, पक तिच्या पॅडखाली गेला आणि मला दिसेनासा झाला. नियम असा की पक दिसेनासा झाला की शिट्टी. मी मनात खेळ थांबवला. हात उचलला. आणि शिट्टी बोटावरून फिरून तळहाताकडे गेली होती. ती सरळ करून तोंडाशी नेईपर्यंत, अर्धा सेकंद म्हणा, पक गोलीच्या मागून हळूच बाहेर आला आणि रेषा ओलांडून गेला. मग शिट्टी वाजली. सगळ्या रिंकने पाहिलं. पक आधी, शिट्टी नंतर.

मी हात आडवे झटकले.

कॅप्टन आला. ओरडला नाही, हे त्याचं मोठेपण. “पक शिट्टीच्या आधी गेला,” म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “पण मी खेळ त्याच्या आधी थांबवला होता. मला पक दिसत नव्हता.”

नियम हेच सांगतो. शिट्टी वाजवायला माणसाला वेळ लागतो हे पुस्तकाने गृहीत धरलंय. रेफ्रीने ज्या क्षणी खेळ थांबवायचं ठरवलं त्या क्षणी तो थांबला, आवाज नंतर आला तरी. वर्गात हे शिकताना किती शहाणपणाचं वाटलं होतं! बर्फावर, वीस माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असताना, ते वाक्य स्वतःच्याच कानाला पळवाटेसारखं लागतं. ‘तुम्ही ठरवलंत’ याला साक्षीदार कुणीच नाही. तो संघ ४-३ने हरला. घरी जाताना मी गाडीत रेडिओ लावला नाही. फेब्रुवारीतला माझा रद्द झालेला गोल मला दोन दिवस झोंबला होता. हा रद्द केलेला आठवडाभर झोंबत राहिला.

७ डिसेंबरला मूल्यमापन होतं. परीक्षक स्टँडमध्ये बसून सामना पाहतात आणि नंतर रेफ्रींच्या खोलीत कागद हातात देतात. माझ्या परीक्षकांना मी स्वतःहून नोव्हेंबरचा तो प्रसंग सांगितला, अगदी कागदावर चित्र काढून. वाटलं होतं ते म्हणतील बरोबर केलंत, किंवा चूक केलीत.

ते म्हणाले, “निर्णय बरोबर. तुम्ही कुठे होतात?”

मी कोपऱ्याजवळ एक फुली मारली. त्यांनी पेन घेतलं आणि जाळीच्या बाजूला, गोलरेषेच्या सरळ रेघेत दुसरी फुली मारली. माझ्या फुलीपासून फार तर दोन हात लांब. “इथून पॅडखालचा पक दिसला असता,” म्हणाले. “दिसेनासा झाला म्हणून शिट्टी वाजवली हे ठीक. पण तो तुमच्या जागेवरून दिसेनासा झाला होता. शॉट निघतो तेव्हा पाय हलवा. आणि शिट्टीला आतून चिकटपट्टी लावा, फिरणार नाही.”

एवढंच. कागदावर ‘जागा : सुधारणा हवी’, ‘हातवारे : चांगले’, ‘स्केटिंग : पुरेसं’. त्या ‘पुरेसं’वर मी खूश झाले, ते वेगळंच.

जानेवारी आणि फेब्रुवारी मी तेवढीच एक गोष्ट केली: शॉटसाठी स्टिक मागे गेली की गोलरेषेच्या रेघेत सरकायचं. सरावाला रिकाम्या रिंकवरही, पक नसताना. शर्टावर लावायचा बिल्ला जानेवारीच्या शेवटी पोस्टाने आला, सोबत नाव चुकीचं छापलेलं प्रमाणपत्र. या वेळी दोन शब्दांचं. मी काही बोलले नाही.

मार्चमध्ये मोसमाचा शेवटचा सामना. पुन्हा तसाच ढीग, गोली खाली, तीन खेळाडू तिच्यावर, पक कुठेतरी आत. शिट्टी तोंडाजवळ होती, चिकटपट्टीसकट. पण मी रेघेत होते आणि पक मला दिसत होता, पॅडच्या कडेने, काळा, हळूहळू सरकणारा. लाल रेषा झाकली गेली. थांबले. मग त्याच्या मागे पांढऱ्याची बारीक चीर उघडली, बोटभरही नसेल. पक बर्फावर सपाट होता, तेही पाहिलं. मी हात लांब करून जाळीकडे बोट दाखवलं.

गोलीने मान वळवून मागे पाहिलं, पकही पाहिला आणि काही न बोलता पाण्याची बाटली उचलली. मी छाती थोडी पुढे काढून स्कोअररच्या खिडकीपाशी गेले.

“गोल. पांढरे,” मी म्हटलं.

“नंबर?” तिने विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. पाच जण एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांतल्या कुणाच्या स्टिकला लागून पक गेला, याची मला सुतराम कल्पना नव्हती.